पाय मुरगळलाय की हाड मोडलंय? एक्स-रे लागेल का, कसं ओळखायचं?

भाचा, वय १९. काल संध्याकाळी कबड्डी खेळताना पाऊल आत वळलं आणि कमरेवर आपटला. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला लिंबाएवढी सूज, आज निळंजांभळं झालंय. लंगडत चारपाच पावलं टाकतो. बोटं हलतात, म्हणून घरचे म्हणतात हाड शाबूत आहे, तेल लावून चोळा. एक्स-रेची सोय ३० किलोमीटरवर. आजच न्यावं का?

प्रतिसाद १
चोळणं आधी थांबवा. आत रक्त साकळलेलं असताना पहिले दोनतीन दिवस चोळलं की सूज वाढते. बोटं हलण्यावरही विसंबू नका. ती हलवणारे स्नायू पोटरीत आणि पावलात असतात, घोट्याचं हाड मोडलं तरी बोटं हलतात. सुजेवरूनही कळत नाही, नुसता लिगामेंट (हाडांना एकमेकांशी जोडणारा पट्टा) फाटला तरी एवढी सूज येते.

दाबून बघा. कॅनडात १९९२ साली मांडलेले ओटावा नियम यासाठीच आहेत. दोन्ही बाजूंच्या घोट्याच्या हाडाची मागची कडा, टोकापासून वर ६ सेंटिमीटरपर्यंत, अंगठ्याने दाबत जा. मागचीच कडा, कारण पुढे लिगामेंट असतो आणि मुरगळल्यावर तो दुखणारच. मग पावलाच्या बाहेरच्या कडेवर, करंगळी आणि टाच यांच्या साधारण मध्यावर जो उंचवटा लागतो तो दाबा. शेवटी आतल्या बाजूला, घोट्याच्या थोडं पुढे आणि खाली असलेलं हाड. यातल्या एका जागीही हाडावर कळ आली, किंवा पडल्या पडल्या आणि आताही चार पावलं टाकता येत नसली, तर एक्स-रे हवाच. लंगडत टाकलेली पावलं धरायची. मधुमेहाने पाय बधिर असलेल्यांना ही तपासणी लागू नाही.

तोवर पाय छातीपेक्षा उंच ठेवा. बर्फ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं, दोनतीन तासांनी पुन्हा. क्रेप बँडेज बोटांकडून वर बांधा. बोटं गार पडली किंवा निळी झाली तर लगेच सैल करा.

प्रतिसाद २
कंबर विसरू नका. मणक्याच्या बाजूचं मांस दुखत असेल तर बहुधा मुका मार आहे. मधोमध मणक्याच्या हाडावर हलकं ठोकून कळ आली तर त्याचाही एक्स-रे काढा, आणि तोवर वाकू देऊ नका. लघवी तुंबली किंवा नकळत झाली, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला, दोन्ही पायांतली ताकद कमी झाली, तर रात्र असली तरी एमआरआय असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात. कमरेत दाबलेल्या नसा तासातासाने निकामी होत जातात. वेदनाशामक देऊन सकाळची वाट बघू नका.

धागाकर्ता
कंबर बाजूलाच दुखते, लघवी नीट होते. घोट्याच्या मागच्या कडेला काही नाही, पण करंगळीकडच्या उंचवट्यावर दाबल्यावर ओरडला. निघतोय.

प्रतिसाद १
पाय टेकू देऊ नका. उशी गुंडाळून पट्टीने बांधा. तिथे पावलाचा एक्स-रे मागा. फक्त घोट्याचा काढला तर हे हाड नजरेतून सुटू शकतं.