बांधावर वाळा लावून मुळ्या पण विकता येतील का?

डोंगरकडचा
पाटण तालुक्यात आमचं उताराचं रान आहे, नाचणी भुईमूग करतो, दर पावसाळ्यात बांध फुटतो आणि चांगली माती ओढ्याला जाते. वाळा बांध धरून ठेवतो म्हणतात आणि मुळ्यांचं तेल अत्तरवाले घेतात, मग दोन्ही साधेल का? ठोंबं कुठली आणावीत तेही सांगा.

शिवारकर
एकाच बांधावर दोन्ही नाही होणार दादा. वाळ्याची मुळी बाजूला पसरत नाही, सरळ खाली जाते, दोन-तीन मीटर सहज, त्यानेच माती धरली जाते आणि तेल पण त्याच मुळीत. तेलासाठी साधारण 15 ते 18 महिन्यांनी अख्खं ठोंब खणावं लागतं, म्हणजे ऐन उतारावर आपणच माती मोकळी करून द्यायची. कॅरिबियनमधल्या हैती देशातून जगाला वाळ्याचं तेल जातं, तिथे डोंगरउतारावर मुळ्या खणून खणून धूप वाढलीय. बांधावरचा वाळा खणूच नका, वरची पाती कापा फक्त, कोवळी जनावरं खातात, जून झाली की आच्छादनाला. लावताना पाऊस सुरू झाला की समपातळीत, 10-15 सेंटीमीटरवर एकेक फुटवा, फट राहिली की पाणी तिथूनच घुसतं. आणि बी न धरणारी दक्षिणेकडची जात घ्या, म्हणजे रानभर पसरणार नाही.

अत्तरवेडी
तेलाचं म्हणाल तर थोड्या मुळ्यांसाठी भट्टी परवडतच नाही. उत्तर प्रदेशातल्या कनौजला, अत्तराच्या गावी, तांब्याच्या डेगेत म्हणजे मोठ्या हंड्यात कितीतरी तास उकळतात, तेल निघतं अगदी थोडं, पण काय वास असतो त्याला, पहिल्या पावसाच्या मातीसारखा!! तेलच करायचं असेल तर लखनौच्या सीमॅपने, म्हणजे औषधी-सुगंधी वनस्पतींच्या सरकारी संशोधन संस्थेने, काढलेल्या जाती बघा.

डोंगरकडचा
बांधाचं कळलं, तिथे हात लावणार नाही. घराशेजारी सपाट तुकडा आहे थोडा, तिथे मुळ्यांसाठी लावला तर?

शिवारकर
हा, तिथे लावा. जमीन भुसभुशीत रेताड हवी, भारी काळ्या मातीत मुळी तुटते आणि खणणाऱ्याचा जीव जातो. काही जण वाळू-माती भरलेल्या गोणीत लावतात, गोणी फाडली की मुळी धुवून मोकळी.

अत्तरवेडी
आणि तेलाच्या मागे न लागता सुक्या मुळ्याच विका, उन्हाळ्याच्या तोंडावर माठात टाकायच्या जुड्या बांधून. विणणारं कोणी असेल तर खिडकीचे पडदे पण होतात, मुळ्या ओल्या करून विणायच्या म्हणजे तुटत नाहीत. कूलरला लाकडाच्या किसाच्या जाळीऐवजी वाळ्याची जाळी मागणारे खूप आहेत, तालुक्याच्या बाजारात आधी विचारून ठेवा.