मदत हवी आहे: तरुण संघाच्या पाणपोईचे रांजण पाणी गार करत नाहीत

उपासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, आमच्या ख्रिस्ती मंडळीतली (चर्चमधली) 14 ते 17 वयाची मुलं एसटी थांब्यावर पाणपोई चालवतात. बायबलच्या मत्तय 25 मधलं तहानलेल्याला पाणी पाजणं त्यांनी फार मनावर घेतलंय. 100 लिटरचे तीन रांजण, खाली रेती, भोवती ओलं पोतं. वैदर्भीय उन्हात पोतं तासाभरात वाळतं, म्हणून दर तासाला भिजवतात.

अडचण अशी की बोअरचं पाणी जड आहे. क्षारांनी रांजणाची छिद्रं बुजतात, बाहेरून पांढरा थर येतो, पाझर थांबतो आणि गारवा जातो. साबण लावत नाही, माती तो पिते. नुसत्या काथ्यानं घासून थर निघत नाही. पातळ व्हिनेगर चालेल का? की मातीच झिजेल?

दुसरं, टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची ब्लीचिंग पावडर. 1000 लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे एका रांजणाला अर्धा ग्रॅम. तो अंदाजाने टाकला की हमखास जास्त पडतो, मग वासामुळे लोक परत जातात. म्हणून 5 ग्रॅम 1 लिटर पाण्यात कालवून, निवळल्यावर वरचं 100 मिली रांजणात टाकतात आणि अर्धा तास थांबतात. तरी संध्याकाळपर्यंत क्लोरीन उरतं का, हे गावात कसं तपासायचं?

आणि रविवारी 9 ते 11 उपासना असते, शिवाय दहावीची परीक्षा. त्या वेळच्या पाळ्या तुमच्याकडे कशा लावता? लांब दांड्याचं ओगराळं ठेवलंय, पण माणूस नसला की लोक पेलाच बुडवतात. मातीच्या रांजणाला तोटी बसवलेली कुणाकडे टिकली आहे का?