प्रतिसाद: झूम की मीट? आधी मूडल बघा

सर, झूमच्या फुकट खात्यात वर्ग 40 मिनिटांत तुटतो म्हणून तुम्ही गूगल मीटकडे वळताय. पण नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर रेंजच धड नसते, तिथल्या पोरांना थेट तासाचा उपयोग काय? मूडल बघाच, म्हणजे ऑनलाइन धडे आणि चाचण्या ठेवायचं सॉफ्टवेअर. 2002 पासून आहे, मुक्तस्रोत आहे, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, वापर फुकट. खर्च फक्त सर्व्हरचा. पोरगं शहाद्याला बाजाराला आलं की मोबाइल ॲपमध्ये धडे उतरवून घेईल, घरी नेटशिवाय वाचेल. चाचणीही ऑफलाइन सोडवता येते, मात्र सेटिंगमध्ये तशी परवानगी द्या आणि वेळेची मर्यादा लावू नका. ती लावली की ऑफलाइनचा पर्यायच मिळत नाही. उत्तरं पुन्हा रेंज मिळाल्यावर पोचतात. आणि व्हिडिओ कृपया छोटेच ठेवा, घरातला एकच फोन तिघं भावंडं वापरतात.