मदत हवी आहे: कागदसुद्धा उजेड परतवतो, मग त्यात चेहरा का दिसत नाही?

नमस्कार मंडळी,

सातवीतल्या लेकीने एक प्रश्न टाकलाय आणि मी दोन दिवस अडकलोय. आपाती कोन आणि परावर्तन कोन सारखे असतात, हे तिला पाठ आहे, मलाही आहे. तिचं म्हणणं असं, की पांढराशुभ्र कागद त्याच्यावर पडलेला बहुतेक उजेड परत पाठवतो, आरसाही तेच करतो. मग चेहरा फक्त आरशातच का दिसतो? 'कागद खडबडीत असतो' म्हणून वेळ मारून नेली, तर तिने कागद गालावरून फिरवला आणि विचारलं, "कुठंय खडबडीत?"

काल रात्री सगळे दिवे घालवून फरशीवर आरसा आणि त्याला खेटून कागद ठेवला. दोन्हींवर टॉर्च तिरका मारला. कागद लख्ख उजळला आणि आरसा जवळपास काळा! समोरच्या भिंतीवर मात्र उजेडाचा ठसठशीत पट्टा. जो जास्त चकचकीत तोच काळा, हे काही पचेना.

जाता जाता अजून एक. त्याच आरशात टॉर्चचा दिवा तिरका पाहिला तर एकाऐवजी तीन-चार दिवे ओळीत दिसतात. पारा खराब झालाय का?

तिरपागडा: आरसा काळा दिसला कारण त्याने सगळा उजेड भिंतीकडे धाडला, तुमच्या डोळ्याकडे काहीच आलं नाही. त्या पट्ट्याच्या जागी डोळा नेऊन आरशाकडे पाहिलं असतंत तर डोळे दिपले असते (नेऊ नका). कागदावरचा प्रत्येक कण नियम तोच पाळतो, पण जो तो वेगळ्या दिशेला तोंड करून बसलाय. म्हणून कुठूनही पाहा, थोडा उजेड मिळतोच. पुस्तकात याला अनियमित परावर्तन म्हणतात. नाव जरा फसवं आहे, नियम कुठेच मोडत नाही.

आणि गाल ही मोजपट्टी नव्हे! दिसणाऱ्या उजेडाची तरंगलांबी 400 ते 700 नॅनोमीटर. पृष्ठभागाचे उंचसखल त्याच्या साधारण आठव्या भागाहून कमी, म्हणजे 70-80 नॅनोमीटरच्या आत असले तर तो आरशासारखा वागतो. कागदाचा एकेक तंतूच 20-30 मायक्रोमीटर, म्हणजे 20-30 हजार नॅनोमीटर रुंद. उजेडाच्या हिशोबाने तो डोंगराळ प्रदेश आहे. गुळगुळीत कागद डोळ्याच्या पातळीत आडवा धरून पलीकडच्या दिव्याकडे पाहा, चकाकी दिसेल. इतक्या तिरक्या कोनात तेच उंचसखल उजेडाला कमी जाणवतात.

जुनं खोड: अर्धंच बरोबर. खडबडीतपणा हेच कारण असतं तर पांढऱ्या ग्लेझ टाइलमध्ये फक्त प्रतिबिंब दिसलं असतं, टाइल पांढरी दिसलीच नसती. कागदात बराच उजेड आत शिरतो, तंतू आणि त्यांच्यातली हवा यांच्यात धडका खात वाट्टेल त्या दिशेने बाहेर पडतो. पांढरेपणा येतो तो आतून.

पडताळून पाहा. कागदावर तेलाचा थेंब टाका. तंतूंमधल्या हवेच्या जागी तेल शिरलं की धडका कमी होतात आणि तिथला कागद अर्धपारदर्शक होतो. दुसरं, रंगीत टाइलमध्ये पांढऱ्या दिव्याचं प्रतिबिंब पाहा. टाइल निळी असो की लाल, दिवा पांढराच दिसेल, कारण ते प्रतिबिंब वरच्या थरातूनच परतलंय, रंगापर्यंत पोचलेलंच नाही. तांब्याच्या भांड्यात मात्र दिवाही तांबूस दिसतो.

काचवाला: आरसा ठणठणीत आहे. धातूचा थर काचेच्या मागे असतो. काचेचा पुढचा पृष्ठभाग समोरून आलेल्या उजेडातला 4 टक्क्यांच्या आसपास स्वतःच परतवतो. तिरक्या कोनात त्याहून जास्त. तो तुमचा पहिला, फिका दिवा. दुसरा सगळ्यात ठळक, तो मागच्या धातूतून. त्यापुढचे काचेत वरखाली आपटून आलेले, एकेक मंद होत जाणारे. आरशाला पेन्सिलीचं टोक टेकवा. टोक आणि प्रतिबिंब यांच्यात फट दिसेल, ती काचेच्या जाडीमुळे. मोठ्या दुर्बिणींच्या आरशांत धातू पुढच्या बाजूला देतात, म्हणजे ही भानगडच नको.

आणि 'पारा' नुसता बोलण्यात उरलाय. पूर्वी कथिल आणि पाऱ्याचा थर देत, आता चांदी किंवा ॲल्युमिनियम. काचेवर चांदी चढवण्यामागची रासायनिक क्रिया 1835 मध्ये लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने नोंदवली होती.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. तेलाचा थेंब टाकला. कागद टेबलावर असताना डाग गडद दिसला, दिव्यासमोर धरला तर तोच डाग आजूबाजूच्या कागदापेक्षा उजळ! लेक लगेच म्हणाली, "आरशासारखंच. उजेड दुसरीकडे गेला." गालाचा प्रयोग तिने मागे घेतला आहे. आता नवा प्रश्न: ओली माती कोरडीपेक्षा काळपट दिसते तेही असंच का?

जुनं खोड: हो, असंच. कणांमधल्या हवेच्या जागी पाणी आलं की उजेड लवकर मागे फिरत नाही, आणखी खोल जातो आणि तिथेच शोषला जातो.