पारसिकचा डोंगर ढालाकृती ज्वालामुखीचा भाग आहे का?

प्रश्न (कळवा, ठाणे): ढालाकृती ज्वालामुखीचा शिलारस पातळ असल्यामुळे त्याचा उतार मंद असतो, असे मुलीला भूगोल शिकवताना वाचले. आमच्या घरामागचा पारसिकचा डोंगरही लाव्हापासूनच बनलेला आहे. मग त्याचे कडे इतके उभे कसे? आणि शिलारस ‘पातळ’ म्हणजे नेमका किती पातळ?

उत्तर १: आधी पातळपणाविषयी. ढालाकृती ज्वालामुखीच्या बेसाल्टी शिलारसात (वितळलेल्या खडकात) सिलिकाचे प्रमाण साधारण ४५ ते ५२ टक्के असते. सिलिका जितकी जास्त, तितक्या सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या साखळ्या एकमेकींत अधिक गुंततात व शिलारस चिकट होतो; येथे ती कमी असते आणि तापमान १,१०० ते १,२०० अंश सेल्सिअस असते, त्यामुळे तो दूरवर वाहतो. तरीही तो पाण्याच्या कित्येक हजार पट चिकट असतो, हे पुस्तके सहसा सांगत नाहीत. त्यातील वायू सहज निसटत असल्याने मोठे स्फोट क्वचित होतात. हवाई बेटावरील मौना लोआ असाच थरावर थर साचून समुद्रसपाटीपासून ४,१६९ मीटर उंच झाला आहे, पण उतार मात्र थोड्याच अंशांचा.

उत्तर २ (खारघर): पारसिकचा खडकही बेसाल्टच आहे, परंतु दख्खनचा लाव्हा प्रामुख्याने लांबच लांब भेगांतून, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी बाहेर आला, असे मानले जाते. एकाच मुखाभोवती साचला तर ढाल तयार होते. भेगांतून प्रचंड प्रमाणात पसरला तर पठार. आज दिसणारे कडे ही नंतरच्या झिजेची करामत आहे, मूळ उताराची नव्हे. शिवाय पनवेलच्या आसपास हे थर पश्चिमेकडे कललेले आहेत. जुन्या खाणीच्या उघड्या भिंतीत खडकाला बारीक छिद्रे दिसली, तर ती वायूच्या बुडबुड्यांची समजावीत. पुष्कळदा त्यांत पांढरी झिओलाइट खनिजे भरलेली असतात.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. म्हणजे ढालाकृती ज्वालामुखी निर्धोक म्हणायचे का?

उत्तर १: नाही. हवाई बेटावरीलच किलाउएआ या ढालाकृती ज्वालामुखीचे १९२४ मधील स्फोट पाहावेत: विवरातील लाव्हाची पातळी खाली गेली आणि तप्त खडकाशी भूजलाचा संबंध येऊन वाफेचे स्फोट झाले, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. २०१८ मध्ये त्याच ज्वालामुखीच्या लाव्हाने शेकडो घरे गिळली, तीही मुख्य विवरापासून दूरच्या भेगांतून बाहेर पडून.