ऑटोमॅटिक गाडी मध्येच तिसऱ्या गिअरला अडकते : मदत हवी आहे

मंडळी, जरा डोकं लावा, माझं चालेनासं झालंय.

गाडी 2012 ची, सेकंडहँड घेतलेली, टॉर्क कन्व्हर्टरवाली चार गिअरची ऑटोमॅटिक. पाऊस सुरू झाल्यापासून नाटकं चालू आहेत. खड्ड्यात चाक आपटलं की एक हिसका, मीटरवर दिवा आणि गाडी लिंप मोडमध्ये (बिघाड जाणवला की गाडी स्वतःला वाचवायला एकाच गिअरवर थांबते, तो मोड). तिसरा गिअर सोडायलाच तयार नाही. परवा सिग्नलवरून तिसऱ्यावर रांगत निघालो, तर मागचा रिक्षावाला म्हणे, "काका, ढकलू का?" (वय 34. असो.) चावी बंद करून पुन्हा लावली की ठणठणीत.

स्कॅनरवर दोन कोड एकदमच येतात : पी0753 आणि पी0758. शिफ्ट सॉलिनॉइड (गिअर बदलणारे, विजेवर चालणारे व्हॉल्व्ह) ए आणि बी, दोन्हींचा दोष इलेक्ट्रिकल. वर्कशॉपवाले म्हणतात व्हॉल्व्ह बॉडी (हे सॉलिनॉइड बसवलेला गिअरबॉक्समधला भाग) बदला, 68 हजार. त्यांच्या हातात गाडी एकदाही अडकली नाही, मग ठरवलं कशावरून? दोन सॉलिनॉइड एकाच क्षणी मरतात आणि चावी फिरवली की उठून बसतात, हे काही पटत नाही. टीसीएमचा (गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरचा) प्लग काढून सॉलिनॉइड मोजले : दोन्ही 13 ओहमच्या आसपास, वायर हलवली तरी तेच. बॅटरी 12.6 व्होल्ट. ऑइल लाल, जळका वास नाही. पुढे काय बघू?

प्रतिसाद :
मल्टीमीटरवर जाऊ नकोस. ओहम मोजताना तो अगदी किरकोळ करंट सोडतो. वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी आकडा बरोबर दाखवेल. सॉलिनॉइडला मात्र अँपिअरभर लागतो. टीसीएमचा आणि गिअरबॉक्सचा, दोन्ही प्लग काढ. वायरीच्या एका टोकाला फ्यूजमधून बॅटरीचा प्लस दे, दुसऱ्या टोकाला 10 वॉटचा बल्ब लावून मायनसला जोड. मग हार्नेस (वायरींचा जुडगा) वीत-वीत पुढे सरकत वाकवत जा. बॅटरीच्या ट्रेखाली आधी बघ.

धागाकर्ता :
दादा, सापडलं! ट्रेच्या कोपऱ्यावर हार्नेस वळतो तिथे दाबलं की बल्ब मिणमिणतो. आवरण वरून शाबूत, पण बोटाला पिचपिचीत लागलं. चिरलं तर आत तांब्याऐवजी हिरवी पूड. शेजारच्या वायरीचीही तीच गत. उद्या नाना पेठेत जाऊन त्याच जाडीची वायर आणतो. जोड सोल्डर करू की क्रिंप (स्लीव्ह दाबून)? जागा थरथरणारी आहे, म्हणून विचारतोय.