पुरात माणूस देव, मग पंचनाम्यात कोण?

कुंभारगल्लीकर
काल इथं एकानं लिहिलं, "माणूस जन्मतः निर्मळ, डोकं चालवायला लागला की बिघडतो. २०१९ च्या पुरात कोल्हापुरानं हे दाखवून दिलं." त्यावर बदामांचा पाऊस. मला झोप नाही, म्हणून लिहितोय. त्या ऑगस्टात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर, धोक्याची पातळी ४३. आमच्या घरात छातीएवढं. चार अनोळखी पोरांनी आईला खुर्चीसकट उचलून बोटीत ठेवलं. खरं आहे. पण पाणी ओसरल्यावर, पंचनाम्याच्या आदल्या रात्री, ज्याच्या उंबऱ्यालाही पाणी शिवलं नव्हतं तो शेजारी भिंतीवर बादलीनं पाणी मारून ओलीची रेघ उठवत होता. मापटं घेऊन, सरळ रेषेत! हा जन्मतः निर्मळ?

घाटावरचा
पोस्ट माझी, जळजळ तुमची. १७५५ मध्ये फ्रान्समधला तत्त्वज्ञ रूसो हेच सांगून गेला: करुणा आधी, तर्क नंतर, आणि तर्कच माणसाला दुसऱ्याच्या दुःखापासून लांब नेतो. शेजाऱ्यानं हिशेब केला म्हणून बादली उचलली. पोरांनी हिशेब केला असता तर बोटीत चढलीच नसती.

कुंभारगल्लीकर
त्याच रूसोनं स्वतःची पाचही पोरं अनाथालयात सोडली. करुणा आधी म्हणे! आणि आपल्याच गावचं बघा की. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा पोराला शाळेत न घालणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला. निर्मळपणावर भागत असतं तर दंड कशाला?

शिरोली नाका
करुणा-बिरुणा ठेवा बाजूला. पुराचं कारण कर्नाटकातलं अलमट्टी धरण. पाणी साठवायची उंची ५१९.६० मीटरवरनं ५२४.२५६ करायचं चाललंय तिकडं, आणि तुम्ही फ्रान्समध्ये फिरायलाय.

सुतारवाडा
अलमट्टीनं येऊन तुमच्या पूररेषेत भराव टाकला काय? ओढ्यावर प्लॉट कुणी पाडले?

शिरोली नाका
भावा, तुझं घर कुठं आहे ते सांग आधी.

सुतारवाडा
पूररेषेतच आहे! आज्ज्यापासनं. तेव्हा रेषा नव्हती, नदी होती. आमच्यासमोर भराव पडत होता तेव्हा तुमच्यासारखे शहाणे बुकिंगला रांगेत होते.

शिरोली नाका
मी भाड्यानं राहतोय रे. कैक दिवस हायवे बंद, ट्रकमधला माल सडला, त्याचा पंचनामा पण नाही झाला. तू मला नको शिकवू.

प्रयागवाला
भांडा निवांत. आमच्या चिखलीचं ऐका. १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला पुनर्वसनाचे प्लॉट मिळाले. आज्जा गेला नाही. म्हणायचा, म्हस काय सोनतळीत बांधू आणि वैरण हिथनं डोक्यावर नेऊ? २०१९ ला मच्छिंद्री होऊन गेली, म्हणजे पुलावरच्या माशाच्या खुणेला पाणी लागलं, तरी हटला नाही. शेवटी गुऱ्हाळाच्या काईलीत बसवून काढला, मांडीवर रेडकू. आता हा माणूस बुद्धीनं वागला की खुळ्यागत? मला अजून सांगता येत नाही. म्हशीचा हिशेब त्याचा पक्का होता, पाण्याचा चुकला.

घाटावरचा
बघा, मायाच जिंकली.

कुंभारगल्लीकर
माया कसली, दुधाचा खाडा बघत होता म्हातारा.

प्रयागवाला
आज्ज्याला काय बोलायचं नाही.

कुंभारगल्लीकर
बरं, चुकलं. घाटावरच्यांना एक द्यायचं राहिलंय. त्या चारातला एकजण पुढं गंगावेशीत दूध पिताना भेटला. विचारलं, पोहता येतं का रे तुला? म्हणाला, "नाय की." मग चढलास कसा? "बाकीचे चढले." घ्या, लावा तुमच्या रूसोला. मात्र बोट गल्लीच्या कोणत्या तोंडानं घालायची हे त्यातल्या एकानं विजेचे खांब मोजून ठरवलं होतं, तेवढं माझ्या खात्यात ठेवा.

घाटावरचा
ठेवलं. बादलीचंही मान्य. मापटं मात्र तुम्ही पदरचं घातलंय.

कुंभारगल्लीकर
मापटं आमचंच होतं. बायकोनं मागितलं म्हणून दिलं होतं.

शिरोली नाका
अलमट्टीचं कुणी बोलंना बघा.